विजयांची मोजदाद आणि गुरूची कसोटी

कुस्त्यांचा फड संपला म्हणजे लोक विजयी मल्लाला खांद्यावर घेतात. त्याचा वस्ताद कोठें तरी मागें उभा असतो. चार जाणतीं माणसें तेवढीं त्याच्याकडे वळतात आणि विचारतात, "पोरगा कोणाच्या तालमींत तयार झाला?" विजय खेळाडूचा असतो खरा, परंतु त्याचें बीज दुसऱ्याच कोणीं तरी पेरलेलें असतें. त्या पेरणाऱ्याची योग्यता कोणत्या मापानें मोजावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेंत विद्यापीठांच्या खेळांना जें महत्त्व आहे, त्याची कल्पना आपणांस सहसा येत नाहीं. तेथें हजारों लोक विद्यार्थ्यांचे सामने पाहावयास जमतात आणि क्रीडाशिक्षकाचें नांव प्राध्यापकांच्या नांवापेक्षां अधिक लोकांच्या तोंडीं असतें. साहजिकच, 'आमच्या विद्यापीठाच्या इतिहासांत सर्वांत मोठें गुरुकार्य कोणाचें?' हा वाद तेथें वारंवार रंगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजल्स येथील शाखा १९१९ सालीं स्थापन झाली. 'यूसीएलए' या आद्याक्षरांनीं ती ओळखली जाते. या एकाच संस्थेंतील चार शिक्षकांचीं उदाहरणें आपण पाहूं.

पहिलें नांव अर्थातच जॉन वुडन यांचें. वुडन बास्केटबॉल शिकवीत. या खेळांत पांच-पांच खेळाडूंचे दोन संघ असतात आणि जमिनीपासून दहा फूट उंचीवर बसविलेल्या कड्यांत चेंडू टाकावयाचा असतो. म्हणून उंच खेळाडूंचें येथें फार चालतें. वुडन यांच्या संघानें १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, आणि त्यांतलीं सात १९६७ पासून १९७३ पर्यंत ओळीनें. १९७१ पासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत या संघानें लागोपाठ ८८ सामने जिंकले. पुरुषांच्या विद्यापीठीय बास्केटबॉलमध्यें दुसऱ्या कोणाहि शिक्षकाला पांचाहून अधिक अजिंक्यपदें मिळालेलीं नाहींत.

हे आंकडे ऐकल्यावर वाद संपलाच असें कोणासहि वाटेल. पण प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकून घेतल्याशिवाय निवाडा करूं नये.

प्रतिपक्षाचा पहिला आक्षेप असा कीं, वुडन यांच्या काळीं राष्ट्रीय स्पर्धा आजच्याइतकी बिकट नव्हती. १९७५ पूर्वीं प्रत्येक प्रादेशिक गटांतून एकाच संघाला प्रवेश मिळे, आणि चार सामने जिंकले कीं अजिंक्यपद हातीं येई. आज ६८ संघ स्पर्धेंत उतरतात व विजेत्याला सहा सामने तरी जिंकावे लागतात. दुसरा आक्षेप असा कीं, वुडन यांना असामान्य खेळाडू लाभले. लू ऑल्सिंडर, जे पुढें करीम अब्दुल-जब्बार या नांवानें जगप्रसिद्ध झाले, सात फुटांहून उंच होते. १९६५ सालीं ते प्रथम वर्षांत असतांना त्या वर्गाच्या संघानें खुद्द विद्यापीठाच्या मुख्य संघाला ७५ विरुद्ध ६० गुणांनीं हरविलें. आणि हा मुख्य संघ आदल्या दोन्ही वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता! असा शिष्य मिळाल्यावर गुरूचें कर्तृत्व तें काय, असें लोक विचारतात. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यापीठाचा एक धनिक हितचिंतक खेळाडूंना नियमबाह्य साहाय्य करी, असा बोभाटा झाला, आणि १९८१ सालीं राष्ट्रीय नियामक मंडळानें विद्यापीठाला शिक्षा केली. ती वुडन १९७५ सालीं निवृत्त झाल्यानंतरच्या घडामोडींबद्दल होती, आणि वुडन यांच्यावर दोष आला नाहीं. तरीपण त्यांनीं आपल्या काळांत या गृहस्थाकडे अधिक कठोरपणें पाहावयास हवें होतें, असें म्हणणारे आहेत.

या आक्षेपांत तथ्य आहे. पण ते सर्व लागू पडतात ते नंतरच्या अजिंक्यपदांना. पहिल्या अजिंक्यपदाची हकीकत निराळी आहे.

वुडन १९४८ सालीं लॉस एंजल्सला आले. त्यांच्या मनांत मिनेसोटा विद्यापीठांत जावयाचें होतें. परंतु तेथून यावयाचा दूरध्वनि हिमवादळामुळें वेळेवर आला नाहीं, आणि तोंवर त्यांनीं लॉस एंजल्सला शब्द देऊन टाकला होता. दिलेला शब्द त्यांनीं मोडला नाहीं. येथें आल्यावर त्यांना सरावासाठीं मिळाली ती व्यायामशाळेच्या तिसऱ्या मजल्यावरची एक कोंदट जागा. एका बाजूस मल्ल कुस्ती करीत, दुसऱ्या बाजूस कसरतपटू उड्या मारीत, आणि उरलेल्या जागेंत वुडन यांचे विद्यार्थी खेळत. रोज सरावापूर्वीं वुडन स्वतः जमीन पुसून घेत. पुढें आगीच्या भयामुळें तेथें प्रेक्षक बसविण्यास मनाई झाली, तेव्हां 'घरचे' सामनेहि दुसऱ्यांच्या दारीं खेळावे लागले. अशा स्थितींत पंधरा वर्षें गेलीं, तरी एकहि राष्ट्रीय अजिंक्यपद नाहीं!

सोळाव्या वर्षीं, म्हणजे १९६४ सालीं, तें मिळालें. त्या वर्षींच्या पहिल्या पांच खेळाडूंत एकहि ६ फूट ५ इंचांहून उंच नव्हता. या खेळाच्या मानानें ती ठेंगण्यांची टोळीच म्हणावयाची. उंची नाहीं तर चपळाई आहे, हें ओळखून वुडन यांचे सहायक जेरी नॉर्मन यांनीं एक डाव सुचविला. प्रतिस्पर्ध्याला आपल्या बाजूपर्यंत येऊंच द्यावयाचें नाहीं. त्यानें चेंडू हातीं घेतल्या क्षणापासून संपूर्ण मैदानावर त्याची कोंडी करावयाची, म्हणजे तो घाबरून चुका करतो आणि दमतो. सहायकाची सूचना वुडन यांनीं मानली. त्या हंगामांत संघानें तीस सामने खेळले आणि तीसहि जिंकले. शेवटच्या सामन्यांत ड्यूक विद्यापीठाचे उंच खेळाडू ९८ विरुद्ध ८३ गुणांनीं हरले. नवी प्रशस्त क्रीडाशाला बांधून झाली ती त्यानंतर, १९६५ सालीं. आणि ऑल्सिंडर आले तेहि त्यानंतरच.

वुडन शिकवीत तरी कसे? हंगामाच्या पहिल्याच दिवशीं ते प्रौढ विद्यार्थ्यांना पायमोजे कसे घालावे, तें शिकवीत. कारण साधें आहे: मोज्याला सुरकुती पडली कीं पायाला फोड येतो, फोड आला कीं सराव बुडतो. सरावाचा मिनिट न् मिनिट ते आधींच लहान पत्रकावर लिहून ठरवीत. त्यांच्या शेवटच्या हंगामांत रोनाल्ड गॅलिमोर व रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनीं मैदानाच्या कडेला बसून त्यांच्या प्रत्येक उद्गाराची नोंद केली. अशा २,३२६ नोंदी झाल्या. त्यांत स्तुतीचे व रागाचे उद्गार फारच थोडे निघाले. सुमारें तीन चतुर्थांश बोलणें केवळ माहितीचें होतें: हें असें कर, तें तसें करूं नको, पुन्हां कर. शाबासकी आणि दटावणी या दोन चाकांवरच शिक्षणाचा गाडा चालतो, असें मानणाऱ्या आईबापांनीं हा आंकडा अवश्य ध्यानांत ठेवावा.

आतां दुसरें नांव. संख्याच प्रमाण मानावयाची असेल, तर वुडन यांना या विद्यापीठांतच मागें टाकणारे गृहस्थ आहेत. त्यांचें नांव ॲल स्केट्स. त्यांनीं १९६३ पासून २०१२ पर्यंत व्हॉलीबॉल शिकविला आणि १९ राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविलीं. १९७० सालीं या खेळाची पहिली राष्ट्रीय विद्यापीठीय स्पर्धा झाली, ती त्यांच्याच संघानें जिंकली. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकें मिळविणारे कार्च किराय हे त्यांचेच शिष्य. त्यांतहि विशेष हा कीं, विद्यापीठांतून मिळणारें वेतन अपुरें असल्यानें स्केट्स दिवसा प्राथमिक शाळेंत मुलांना शिकवीत आणि नंतर संघाच्या सरावाला येत. असें असूनहि त्यांचें नांव वुडन यांच्यामागून घेतलें जातें. कां? तर पुरुषांचा व्हॉलीबॉल खेळणारीं अमेरिकन विद्यापीठें थोडीं, आणि बास्केटबॉल खेळणारीं शेंकडों. अर्थात् विजयांची नुसती बेरीज करून भागत नाहीं. विजय कोणाविरुद्ध, किती स्पर्धकांत, हेंहि पाहावें लागतें.

तिसरें नांव एका स्त्रीचें आहे. व्हॅलरी कोंडोस फील्ड या मूळच्या बॅले नर्तकी. त्या स्वतः कसरतपटू कधींच नव्हत्या. नृत्याची बाजू सांभाळण्यासाठीं त्या विद्यापीठांत आल्या आणि पुढें मुलींच्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या प्रमुख शिक्षिका झाल्या. आरंभीं त्यांनीं इतर शिक्षकांच्या करडेपणाची नक्कल करून पाहिली, ती फसली. मग वुडन यांचें लेखन त्यांच्या वाचनांत आलें आणि आपल्याला जें येतें त्यावरच उभें राहावयाचें, असें त्यांनीं ठरविलें. १९९७ पासून २०१८ पर्यंत त्यांच्या संघानें सात राष्ट्रीय अजिंक्यपदें जिंकलीं. २०१९ सालीं त्यांची शिष्या केटलिन ओहाशी हिचा एक कार्यक्रम जगभर कोट्यवधि लोकांनीं पाहिला. कडक स्पर्धांनीं जिचा खेळांतला आनंदच हिरावून घेतला होता, अशी ही मुलगी. ती त्या वेळीं हंसत, नाचत खेळत होती आणि तिला दहापैकीं दहा गुण मिळाले. हरवलेला आनंद परत मिळवून देणें हें कोणत्या रकान्यांत लिहावें, हें गुणपत्रक सांगत नाहीं.

चौथें नांव सर्वांत कमी परिचित आहे: एल्विन ड्रेक. मित्रमंडळी त्यांना 'डकी' म्हणत. ते धावणें, उड्या, फेकी हे मैदानी खेळ शिकवीत, आणि वुडन यांच्या खेळाडूंच्या दुखापतींवर उपचारहि करीत. त्यांच्या संघाला १९५६ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालें. पण त्यांची खरी परीक्षा झाली ती १९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्यें. डेकॅथलॉन या दोन दिवसांच्या दहा खेळांच्या स्पर्धेंत शेवटीं दोघेच उरले: अमेरिकेचे रेफर जॉन्सन आणि तैवानचे सी. के. यांग. दोघेहि याच विद्यापीठाचे विद्यार्थी, दोघेहि परस्परांचे स्नेही, आणि दोघांचेहि गुरु ड्रेक!

नऊ खेळ झाले तेव्हां जॉन्सन ६७ गुणांनीं पुढें होते. उरली होती १५०० मीटरांची धाव, आणि तींत यांग श्रेष्ठ. यांग दहा सेकंदांच्या फरकानें पुढें राहिले असते, तर सुवर्णपदक त्यांचें होतें. धाव सुरू होण्यापूर्वीं जॉन्सन गुरूकडे आले. ड्रेक यांनीं सांगितलें, यांगला दूर जाऊं देऊं नको, त्याच्या पाठीशीं चिकटून राहा. थोड्या वेळानें यांगहि आले. त्यांना ड्रेक यांनीं सांगितलें, जितकें पुढें जातां येईल तितकें जा, जॉन्सनला तुझी गति झेपणार नाहीं. दोन्ही सल्ले खरे होते आणि दोन्ही प्रामाणिक होते. रात्रीच्या प्रकाशांत दोघे धावले. यांग पुढें राहिले, पण अवघ्या १.२ सेकंदांनीं. जॉन्सन यांना ८३९२ गुण मिळाले, यांगना ८३३४. दहांपैकीं सात खेळांत यांग सरस होते; तिन्ही फेकींनीं जॉन्सन यांना तारलें.

एका शिष्यानें दुसऱ्याला हरवावें, आणि गुरूनें दोघांनाहि आपल्याजवळचें सर्व देऊन टाकावें, असा प्रसंग क्वचितच येतो. कौरव-पांडवांना एकाच मैदानावर धनुर्विद्या शिकविणाऱ्या द्रोणाचार्यांना जें साधलें नाहीं, तें या साध्या मैदानशिक्षकाला साधलें. ड्रेक एका देशाचे नागरिक होते आणि एक शिष्य त्या देशाचा ध्वज घेऊन आला होता. तरी त्यांनीं तराजू झुकूं दिला नाहीं. आणि यांग यांचें शिक्षण त्या पराभवानें संपलें नाहीं. १९६३ सालीं त्यांनीं या स्पर्धेचा जागतिक उच्चांक मोडला.

तेव्हां, श्रोतेहो, निवाडा काय? माझ्या मतें तीन मापें निरनिराळीं ठेवलीं पाहिजेत. नुसती संख्या पाहिली तर स्केट्स. दीर्घकाळ, अनेक प्रबळ प्रतिस्पर्ध्यांत मिळविलेलें वर्चस्व पाहिलें तर वुडन. आणि वुडन यांच्या दहा विजयांतहि पहिलाच श्रेष्ठ, कारण त्या विजयाच्या पाठीशीं भव्य क्रीडाशाला नव्हती, उंच खेळाडू नव्हते. होतीं तीं पंधरा वर्षांची चिकाटी आणि सहायकाची सूचना मानण्याइतका मोकळा स्वभाव. एखादें कार्य 'पराक्रम' म्हणून निवडावयाचें झालें, तर माझा कौल १९६४ सालाला आहे.

परंतु मुळांतला प्रश्न शिकविण्याचा होता, जिंकण्याचा नव्हे. जिंकण्यांत शिक्षकाचा वाटा किती आणि दैवाचा व शिष्यांच्या अंगच्या गुणांचा किती, हें कोणालाहि निश्चित सांगतां येत नाहीं. रोमच्या त्या रात्रीं मात्र ती शंकाच उरली नव्हती. विजयीहि ड्रेक यांचाच, पराजितहि त्यांचाच. म्हणून गुरुकार्य या शब्दाचा अर्थ नीट घेतला, तर त्या रात्रीचे ते दोन सल्ले मला दहा अजिंक्यपदांहून वरचे वाटतात.

आपल्याकडे परीक्षांचे निकाल लागले कीं शाळा आपल्या पहिल्या आलेल्या मुलांचीं छायाचित्रें फलकावर लावतात, आणि आपणहि त्यावरून मास्तरांची किंमत ठरवितों. तो फलक पाहतांना एक प्रश्न मनाशीं विचारावा: ज्याचें छायाचित्र तेथें लागलें नाहीं, त्यालाहि या मास्तरांनीं तितकेंच शिकविलें होतें काय? उत्तर 'होय' असें आलें, तर त्या मास्तरांना नमस्कार करण्यास हरकत नाहीं.