साधनाताईंनी केलेला संसार

आपल्या साक्री तालुक्यात एखादी बाई गेली की गंधमुक्तीच्या पत्रिकेत ती कुणाची पत्नी, कुणाची आई एवढंच छापून येतं. तिने हाताने काय काय उभं केलं, ते सांगायला तिथे जागा उरत नाही. साधनाताई आमट्यांची ओळखही बराच काळ अशीच करून दिली गेली: बाबा आमट्यांच्या पत्नी, विकास-प्रकाशच्या आई. ५ मे १९२६ ते ९ जुलै २०११ एवढं त्यांचं आयुष्य. ते मागे वळून पाहताना माझं मत पक्कं होत जातं, की कुष्ठरुग्णांचं आनंदवन आधी संसार म्हणून उभं राहिलं, संस्था नंतर झाली. आणि तो संसार ताईंनी केला.

माहेरच्या त्या इंदू घुले. नागपूरचं सोवळ्याओवळ्याचं शास्त्री घराणं. लग्नघरात सगळे नटण्यामुरडण्यात गुंतलेले असताना ही मुलगी एका म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवू लागत होती, ते बाबांनी पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं. डिसेंबर १९४६ मध्ये लग्न झालं. इंदूची साधना झाली. वकिली आणि घरची श्रीमंती बाजूला सारून श्रमाचं जगणं पत्करलेल्या माणसाच्या घरात त्या आल्या. गटारात पडलेल्या तुळशीराम नावाच्या महारोग्याला पाहून बाबा आधी भेदरले, मग परत फिरून त्यांनी त्याची सेवा केली. तिथून पुढे कुष्ठसेवा हाच दोघांचा धर्म झाला.

१९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ रानात, म्हणजे पुढच्या आनंदवनात, हे बिऱ्हाड गेलं, तेव्हा सोबत सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये होते. ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच बिऱ्हाडात चार वर्षांचीही न झालेली दोन मुलं होती, हे मात्र आपण घाईत सांगून टाकतो. त्या काळी महारोग्याची सावलीही लोक टाळत. अशा वेळी आपली लेकरं रुग्णांच्या अंगाखांद्यावर खेळू देणारी आई किती धीराची असेल! पाण्यापासून सगळ्याची सुरुवात होती. आधी विहीर, मग शेत. भाजीपाला पिकला, दूध निघालं, तर वरोऱ्यात कुणी घेईना, कारण ते महारोग्यांच्या हातचं. पुढे परदेशातून आलेली तरुण मुलं आनंदवनात राहून रुग्णांबरोबर राबली, जेवली, तेव्हा कुठे गावाची भीती कमी झाली. ताई तर पहिल्या दिवसापासून त्यांच्यातच होत्या. त्याची बातमी कधी झाली नाही.

१९७३ साली धाकटा प्रकाश हेमलकशाच्या जंगलात माडिया गोंडांमध्ये काम करायला गेला, तेव्हा वीज नाही, धड रस्ता नाही अशा जागी आईने मुलगा आणि सून पाठवली. बाबांच्या मणक्याचं दुखणं असं, की त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं पडायचं. त्या अवस्थेत त्यांनी १९८५ साली भारत जोडो अभियानासाठी कन्याकुमारी ते काश्मीर प्रवास केला. अशा माणसाची रोजची शुश्रूषा म्हणजे काय, ते घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

खानदेशाने तर त्यांचं विशेष ऋण मानायला हवं. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात बुडणारी महाराष्ट्रातली गावं अक्कलकुवा-अक्राणीकडची, म्हणजे तेव्हाच्या आपल्या धुळे जिल्ह्यातली. नंदुरबार वेगळा झाला १९९८ मध्ये. या धरणाला विरोध म्हणून १९९० साली बाबा आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. ताई तेव्हा चौसष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षं खपून बसवलेलं घर मागे ठेवून त्यांनी परक्या काठावर पुन्हा चूल मांडली. नातवंडांत रमायच्या वयात बुडणाऱ्यांच्या शेजारी जाऊन राहणं, ही माझ्या लेखी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. धरण थांबलं नाही, पण म्हणून ते राहणं वाया गेलं असं मी मानत नाही.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले. त्यानंतर ताई तीन वर्षं होत्या. ‘समिधा’ या आत्मकथनात त्यांनी हा सगळा प्रवास स्वतः सांगितला आहे. ते जरूर वाचा. आणि आपल्याही गावात चळवळीच्या माणसांना रात्री-अपरात्री भाकरी करून घालणाऱ्या, बाळंतिणीच्या मदतीला धावणाऱ्या, बचत गट चालवणाऱ्या ज्या आज हयात आहेत, त्यांच्याजवळ बसून त्यांचं काम त्यांच्याच तोंडून ऐका आणि लिहून घ्या. पत्रिका छापायची वेळ येईपर्यंत थांबू नका.