जोडीने निघालात अमेरिकेला?

लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण लेक न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात नांदत असली म्हणजे माहेरालाच विमानात बसून तिच्याकडे जावे लागते. ऊस कारखान्याला गेला, हरभरा घरात आला, दुभती जनावरे धाकट्या भावावर सोपवली, की बॅगा भरायला लागलेली जोडपी आता पुष्कळ गावांत दिसतात. एसटीपलीकडे फारसा प्रवास न केलेली ही माणसे एकदम साडेबारा हजार किलोमीटर उडतात. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान पंधरा-सोळा तास घेते. वाटेत विमान बदलायचे असेल तर घरापासून घरापर्यंत दीड दिवस सहज धरावा.

पहिले भांडण होते ते बॅगा भरताना. घरधन्याची बॅग वेगळी आणि बाईंची वेगळी, असे मुळीच करू नये. दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे निम्मे घालावेत. आम्ही उभयतां गेलो तेव्हा दोनपैकी एक बॅग मागेच राहिली आणि चौथ्या दिवशी घरपोच आली. सौ.नी अशी वाटणी केली होती म्हणून तिच्यावर जावयाचा सदरा घालण्याची पाळी आली नाही, असे ती अजून सर्वांना सांगते. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीच्या खिडकीवर तक्रार लिहून तिचा कागद घ्यावा. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे (भारत त्यात २००९ साली सामील झाला) बॅग मोडली असेल तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी मागणी करावी लागते. मधल्या काळात घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

औषधे मात्र मोठ्या बॅगेत कधीच नकोत. साखरेचा आजार असणाऱ्यांनी इन्शुलिन, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. बॅग चार दिवस हरवली तर चालते, इन्शुलिन चार दिवस हरवून चालत नाही. शिवाय खालच्या सामानात ते गोठले तर निकामी होते. मोबाईलची पॉवर बँकही हातातच ठेवायची, तो नियम आहे. आणि डिंकाच्या लाडवांसाठी म्हणून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत घालू नयेत. खोबऱ्यात तेल फार, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानतळावर काढून घेतात. लाडू घरीच वळून न्यावेत.

गुडघे धरलेले असतील तर तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागावी, त्यात लाज नाही. पण एका गोष्टीची दक्षता हवी. शेजारच्या गावचे एक जोडपे आखातातल्या विमानतळावर विमान बदलत होते. बाईंना खुर्चीवरून लिफ्टने नेले, मालक मागून पायी निघाले आणि चुकले. दोघांचे पासपोर्ट, तिकिटे, पैसे सगळे मालकांच्या कोपरीच्या खिशात! बाईंना मराठीशिवाय भाषा येत नाही. दीड तासाने गाठ पडली, तेव्हा पुढचे विमान सुटायला थोडाच अवधी उरला होता. “मी जागची हलले नाही, म्हणून सापडले,” असे बाई म्हणतात, आणि ते खरेच आहे. दोघेही शोधत फिरले असते तर ते विमान गेलेच असते. तेव्हा पासपोर्ट, तिकीट, लेकीचा पत्ता आणि फोन नंबर ज्याचा त्याच्या गळ्यातल्या पिशवीत असावा.

विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तसा ठेवलेला असतो. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही तुम्ही उंच बसलेले असता. हवा अतिशय कोरडी असते, ओठ फुटतात, घसा सुकतो, म्हणून तहान नसली तरी पाणी मागून प्यावे. चढताना-उतरताना कान दडे बसल्यासारखे होतात, त्याला आवंढा गिळणे किंवा बडीशेप चघळणे हा साधा उपाय. पाय सुजतात, वहाण चढेनाशी होते. सूज उतरते, परंतु तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. दर दोन तासांनी उठून फेरी मारावी, बसल्या जागी टाचा वर-खाली कराव्यात. ज्यांना आधी अशी गुठळी झाली आहे किंवा नुकतेच ऑपरेशन झाले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

संडासाचे दार बहुधा मधोमध ढकलले की घडी होऊन उघडते. आतून कडी सरकवली की दिवा मोठा होतो. पाणी सोडताना मोठा सूंऽऽ आवाज येतो, त्याने बिचकू नये. पुष्कळ बायका संडासाच्या संकोचाने पाणीच पीत नाहीत, म्हणून हे उघड लिहिले.

जेवणाचे तिकिटाबरोबरच सांगून ठेवावे लागते. माळकरी मंडळींनी नीट ध्यानात घ्यावे, की पुष्कळ कंपन्यांच्या यादीत ‘हिंदू जेवण’ म्हणजे शाकाहारी नव्हे. त्यात गोमांस नसते, पण कोंबडी किंवा मासे असू शकतात. शाकाहारासाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’ असे लिहून घ्यावे. वर गेल्यावर जिभेला मीठ आणि गोड कमी लागते, त्यामुळे ते जेवण सपकच वाटते. अशा वेळी पदराआडून निघालेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांची सर कशाला येत नाही. मुंबईहून मध्यरात्री निघालेले विमान पश्चिमेला पळते, म्हणून रात्र सरता सरत नाही. सगळे झोपलेले, दिवे मंद, एका शालीत दोघे, आणि शेताचा, सुनेचा, कर्जाचा विषय कुणी काढू शकत नाही असे कितीतरी तास. लग्नाला तीस वर्षे झाली तरी इतका वेळ नुसते शेजारी बसायला शेतकऱ्याच्या घरात कधी मिळतो?

उतरल्यावर अधिकारी विचारतात, शेतावर होता का, जनावरांजवळ होता का? खरे सांगावे. लाळ्या-खुरकूत अमेरिकेत १९२९ नंतर झालेला नाही, म्हणून ते जपतात. जोडे मातीचे नसावेत. आंबा, बियाणे, ताजा कढीपत्ता नेऊ नये. कढीपत्त्यावरची सिला कीड संत्र्या-मोसंबीवर ग्रीनिंग रोग पसरवते, आणि त्या रोगाने फ्लोरिडातल्या बागांची २००५ पासून काय दशा केली ते आपल्या संत्रेवाल्यांना सांगायला नको. लाडू, चटणी असे जे खाण्याचे असेल ते विचारण्याआधीच सांगून टाकावे. लपवले तर दंड होतो.

पुढचे आठ दिवस झोपेचा मेळ बसत नाही. रात्री दोनला दोघेही टक्क जागे. दिवसा उन्हात फिरावे, दुपारी फार झोपू नये, हळूहळू बसते. तोवर लेकीला न उठवता स्वयंपाकघरात चहा करावा आणि घरी फोन लावावा. गावी त्या वेळी दुपारचे बारा वाजत आलेले असतात, भाऊ जेवायला घरी आलेला असतो आणि म्हैस व्याली की नाही ते लगेच कळते.