जंगलालगत, उतारावर घर बांधायचंय? ऑस्ट्रेलियात प्लॉट घेण्याआधी काय तपासावं लागतं, समजून घ्या

सिडनीजवळचे ब्लू माउंटन्स असोत की मेलबर्नजवळच्या डँडेनाँग टेकड्या, शहराच्या कडेला निलगिरीच्या जंगलात उताराचे प्लॉट विक्रीला असतात. समोर दरी, मागे झाडी. पण अशा जागेवर दोन धोके एकदम असतात: आग उतारावरून वर चढते आणि माती खाली येते. अडचण अशी की, एका धोक्यावरचा उपाय अनेकदा दुसरा धोका वाढवतो. तिथे घर बांधू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे गणित आधीच समजून घेतलेलं बरं.

आग वर का धावते?

चढावर ज्वाळा पुढच्या झाडीकडे झुकतात आणि ती आधीच तापवतात. चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांच्या चढावर चौपट. त्यामुळे सर्वांत सुंदर दृश्य दिसणारी उताराच्या माथ्यावरची जागाच सर्वांत धोक्याची ठरू शकते. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ वणव्यांत व्हिक्टोरिया राज्यात १७३ जणांचा जीव गेला, २,००० हून अधिक घरं जळाली. डोंगरावरचं किंगलेक गावही त्यात होरपळलं.

‘बीएएल’ म्हणजे काय?

बुशफायर अटॅक लेव्हल. घराला आगीची किती धग बसू शकते, याची ही श्रेणी. लो, १२.५, १९, २९, ४० आणि फ्लेम झोन असे सहा स्तर आहेत. आकडे प्रति चौरस मीटर किलोवॉटमध्ये आहेत. भर दुपारचं ऊन साधारण १ किलोवॉट असतं. त्यावरून २९ चा अंदाज येईल.

झाडीचा प्रकार, तिचं घरापासूनचं अंतर आणि उतार यांवरून स्तर ठरतो. इथे उतार मोजतात तो झाडीखालच्या जमिनीचा, घराखालच्या नव्हे. स्तर जितका वर, तितक्या काचा, दारं, छत महाग. बहुतेक घरं थेट ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्यासोबत उडून आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणून झरोक्यांना जास्तीत जास्त २ मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी लागते.

माती खाली का येते?

३० जुलै १९९७ रोजी थ्रेडबो या स्कीइंगच्या गावात दरड कोसळून १८ जण दगावले. वरच्या रस्त्याच्या भरावात गळक्या जलवाहिनीचं पाणी मुरलं होतं. माळीण आठवणाऱ्या वाचकांना भिजलेल्या उताराचा धोका वेगळा सांगायला नको.

खांब की भराव?

उतार कापून, भराव टाकून सपाट जागा केली, तर काँक्रीटच्या जोत्यावर घर बसतं. पण रिटेनिंग वॉल आणि पाण्याचा निचरा चोख लागतो. खांबांवर घर उभारलं, तर जमीन फारशी हलवावी लागत नाही. मात्र घराखालच्या मोकळ्या जागेत पालापाचोळा साचतो, निखारे शिरतात. ती जागा बंद करावी लागते किंवा खालचा भाग आगरोधक करावा लागतो.

मग झाडंच तोडली तर?

मुळं माती धरून ठेवतात. न्यू साउथ वेल्समध्ये ठरावीक भागांत घरापासून १० मीटरपर्यंतची झाडं आणि ५० मीटरपर्यंतची झुडपं काढण्याची सवलत आहे. पण १८ अंशांहून तीव्र उतारावर तिलाही बंधनं आहेत.

सही करण्याआधी

• बीएएल तपासणी आणि माती परीक्षण करून घ्या. तीव्र उतार असेल तर भू-तांत्रिक अभियंत्याचा अहवालही घ्या.
• हे अहवाल समाधानकारक आले तरच व्यवहार पक्का, अशी अट करारात घालता येते का, हे वकिलाला विचारा.
• अग्निशमन गाडी घरापर्यंत चढेल का आणि पाण्याची टाकी कुठे बसेल, ते पाहा.
• घर कड्याच्या टोकापासून किती मागे घेता येईल, हे आर्किटेक्टला नकाशा काढण्याआधीच विचारा.

घराची जागा काही मीटर मागे सरकवल्याने बीएएलचा स्तर उतरू शकतो. नकाशावर हा बदल फुकटात होतो. जोतं बांधून झाल्यावर नाही.