तिसऱ्या बाराची बंदूक

रोह्याच्या पश्चिमेला मुरूडपर्यंत पसरलेलं फणसाडचं जंगल एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान होतं. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात: चिखलगाण, फणसाडगाण. जनावर पाण्यावर येणार, हे शिकाऱ्याला ठाऊक. प्रश्न असे बारांचा.

कोकणाच्या ओळखीची ठासणीची बंदूक एकच बार देई. मग पुन्हा नळीत दारू भरा, छर्रे घाला, गजाने ठासा. दुनळीने दोन बारांची सोय केली. तिसऱ्याचं काय?

हे कोडं सोडवणाऱ्यांत अमेरिकेचा जॉन ब्राउनिंग अग्रणी. त्याच्या आराखड्यावरून विंचेस्टर कंपनीने काढलेलं १८९७ चं मॉडेल पंपाच्या बंदुकांमधलं सर्वांत गाजलेल्यांपैकी एक. नळीखाली दुसरी नळी, तिच्यात पाच काडतुसं, सहावं वरच्या नळीत. खालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि घोडा चढतो. पुढे ढकलली की नवं काडतूस आत. घोडा उघडाच, पाठीमागे दिसणारा. मूठ ओढताना पोलादी खिट्टी मागे झेपावते. अंगठा चुकीच्या जागी असला तर सोलवटून निघतो.

 

विंचेस्टरच्याच १९१२ च्या मॉडेलने घोडा पोटात लपवला. शौकीन आजही भुलतात ते हिच्यावर. हिची यंत्रणेची पेटी घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेली, भाग कारागिराने हाताने जुळवलेले. मूठ अशी सरकते की जणू लोण्यातून सुरी.

रेमिंग्टनने १९५० साली ८७० क्रमांकाची बंदूक आणली, तिचे आतले बरेच भाग पत्रा दाबून काढलेले. ती स्वस्त आणि भरवशाची निघाली. हातकामाची मजुरी पेलेना, तेव्हा विंचेस्टरने १९६४ मध्ये १९१२ च्या मॉडेलचं नेहमीचं उत्पादन थांबवलं.

पेणच्या गणपती कारखान्यात हा हिशेब कुणाला समजावावा लागत नाही. अंग साच्यातून निघतं, डोळ्यांची आखणी मात्र हातानेच होते, आणि मूर्तीची किंमत गिऱ्हाईक तिथेच पाहून ठरवतं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप लावला. १९८६ साली फणसाड अभयारण्य झालं. गाणीवर आता जनावर निर्धास्त येतं.