मी गेली होती

हेडफोनमधून तेच वाक्य सहाव्यांदा ऐकते आहे. ‘मंग मी गेली होती ना बाई, माह्या मायसोबत, पायी.’ शेवटचा शब्द ‘पायी’ आहे की पुन्हा ‘बाई’च, हे ठरत नाही, कारण नेमकी तेव्हाच आत कुकरची शिट्टी झाली आहे. चार सेकंद मागे जाते. पुन्हा ऐकते. पायीच. लिहिते, आणि समासात वेळ टाकते: २३ मिनिटं ४१ सेकंद.

तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला सहा ते आठ तास लागतात. हे काम हाती घेतलं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. मी चौतीस वर्षं नागपुरात शाळेत मराठी शिकवलं. श्रुतलेखन घेण्यात आणि घालण्यात हयात गेली. ‘मी गेली होती’ असं लिहिणाऱ्या किती पोरींच्या वहीत लाल शाईनं ‘गेले होते’ केलं असेल, त्याची गणतीच नाही. आता निवृत्तीनंतर त्याच पोरींच्या आज्यांचं बोलणं उतरवते आहे, आणि बोटं आपोआप ‘गेले’कडे वळतात. संगणकही माझ्याच वळणाचा आहे; ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ या प्रत्येक शब्दाखाली तो लाल नागमोडी रेघ ओढतो.

आम्ही पाच-सहा जण हे करतो. संस्था वगैरे नाही. उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये, इंदोरा, बेझनबाग या भागात, ऐंशी ओलांडलेल्या बाया-माणसांकडे जाऊन त्यांचं आयुष्य ध्वनिमुद्रित करायचं, एवढंच. सुरुवात झाली ती दीक्षेच्या दिवसाच्या आठवणींपासून. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांनी उभं राहून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या त्यांतले तेव्हाचे विशीचे लोकही आता नव्वदीत आहेत. दर पावसाळ्यात आमच्या यादीतली दोन-तीन नावं कमी होतात.

या कामाचा नागपुरातला पहिला शत्रू कूलर. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर माणूस कूलरशिवाय बसू शकत नाही, आणि खिडकीतला तो पत्र्याचा डबा सुरू असला की रेकॉर्डरला दुसरं काही ऐकू येत नाही. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला ‘आजी, जरा कूलर बंद करू का’ म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी सातला जातो. पंखा चालवून घेतो, रेकॉर्डर उशीवर ठेवतो, म्हणजे टेबलाची थरथर येत नाही. फोन विमान मोडवर. आधी एक मिनिट कुणीच काही बोलायचं नाही, नुसता खोलीचा आवाज घ्यायचा. पुढे गोंगाट कमी करताना तो लागतो. हे एक मिनिट घरच्यांना फार विचित्र वाटतं. ‘सुरू झालं का?’ असं कुणीतरी विचारतंच.

दुसरा शत्रू म्हणजे मुलगा. शब्द जरा कडक आहे, पण खरा आहे. आजीला प्रश्न विचारला की मुलगा उत्तर देतो, कारण त्याला सगळं ‘नीट’ माहीत असतं: तारखा, भाषणं, कोण कुठं उभं होतं. आजी मान डोलवतात. त्याला पोहे आणायला पाठवायचं हा आमचा जुना उपाय. तर्रीसकट आणायचे म्हटलं की वीस मिनिटं मिळतात.

प्रश्न कसा विचारायचा हे शिकायला मला वर्ष लागलं. ‘दीक्षेच्या दिवशी काय झालं?’ असं विचारलं की दरवर्षी मंचावरून ऐकलेलं भाषण परत मिळतं: दसऱ्याचा दिवस, लाखोंचा जनसमुदाय, चंद्रमणी महास्थविरांकडून बाबासाहेबांनी घेतलेली दीक्षा. सगळं खरं, आणि सगळं छापलेलं. तेच ‘त्या दिवशी फडक्यात काय बांधून नेलं होतं?’ असं विचारलं तर आजी आधी गप्प होतात, मग हसतात. हेडफोनमधल्या या आजींनी ज्वारीच्या भाकरी आणि लसणाची चटणी सांगितली, आणि मग पांढऱ्या लुगड्याची गोष्ट निघाली. पांढरं नेसून जायचं असा निरोप होता. घरात पांढरं लुगडं एकच, ते मायनं नेसलं. यांनी वडलांचं धोतर नेसलं, काठ आत दुमडून. ‘कोणाले कळलं नाई. पण चालताना मले सारखं वाटे, सुटते का काय!’ मंचावरून असलं कधी ऐकलं नव्हतं.

याच आजींच्या बोलण्यात एक अडचण होती. त्यांच्या सांगण्यात पांढरी लुगडी होती, भाकरी होती आणि चिखलही होता. माय घसरली, तिची वहाण चिखलात रुतून राहिली, मंडपात ती एका पायानं अनवाणी गेली. आता दसऱ्याला नागपुरात इतका चिखल? ऐकताना मी टोकलं नाही. मध्येच टोकणं हा शिक्षकी दोष आहे, तो महत्प्रयासानं आवरते. घरी येऊन विचार केला. चिखल म्हणजे आषाढ-श्रावण. आणि पावसाळ्यातला, बायांनी भरलेला मंडप म्हणजे जुलै १९४२. मोहन पार्कात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद झाली, तिच्यात २० जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. वीस-पंचवीस हजार बाया आल्याचं सांगतात. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, गिरण्यांत आणि बिडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांना भरपगारी रजा, असे ठराव त्यात झाले.

पण १९४२ मध्ये आजी चार वर्षांच्या होत्या. चौथ्या वर्षीची वहाण इतकी लख्ख आठवेल?

पुढच्या भेटीत मी फक्त एवढंच विचारलं, की तुम्ही तेव्हा चालत होता की कडेवर? आजी बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘माय सांगे. चुलीपाशी बसली का तेच सांगे. वहाण गेली, वहाण गेली. मले आता वाटते मीच पाहिली.’ मायची आठवण लेकीत उतरली होती आणि चौदा वर्षांनंतरच्या दुसऱ्या दिवसाला जाऊन चिकटली होती. प्रत्येक मुलाखतीसोबतच्या तपशीलपत्रात ‘पाहिलेलं’ आणि ‘ऐकीव’ असे दोन रकाने आहेत. मी दोन्हींवर खूण केली. इतिहासाच्या प्राध्यापकांना हे पटेलच असं नाही. मला मात्र त्या रुतलेल्या वहाणेमुळे परिषदेचे ठराव पहिल्यांदा नीट समजले. ते कुणासाठी होते, हे डोळ्यांसमोर आलं.

ही वाट आम्ही पाडलेली नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांना बोलतं करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये काढलं. त्या वेळी त्यांनी विचारलं नसतं तर जाईबाई चौधरींसारख्या बाईंबद्दल आज किती कळलं असतं? हमाली करणारी एक बाई शिकते, शिक्षिका होते आणि १९२२ मध्ये नागपुरात मुलींची शाळा काढते, हे कुठल्या क्रमिक पुस्तकात मी शिकवल्याचं स्मरत नाही. काहींनी स्वतःच लिहून ठेवलं: वसंत मून यांच्या ‘वस्ती’ या आत्मकथनात सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्याचे बोळ आहेत. कौसल्या बैसंत्रींचे आईवडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. कौसल्याबाईंनी आत्मकथन लिहिलं ते हिंदीतून, ‘दोहरा अभिशाप’.

आणखी मागे गेलं तर याच शहरात स्टीफन हिस्लॉप भेटतो. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला, आणि एका परधानाच्या तोंडून त्यानं गोंडांची लिंगोची गाथा उतरवून घेतली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडून गेला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलनं १८६६ मध्ये छापले, म्हणून ती गाथा आपल्यापर्यंत आली. हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज आहे, एका खनिजाला त्याचं नाव आहे. गाथा सांगणारा मात्र ‘एक परधान’. ते आठवलं की आमच्या तपशीलपत्रातला पहिला रकाना मी दोनदा तपासते: सांगणाऱ्याचं नाव, त्यानं सांगितलं तसंच.

‘तसंच’ हा शब्द सोपा दिसतो. पहिल्या तीन मुलाखती मी प्रमाण मराठीत उतरवल्या होत्या. वाचायला सुरेख झाल्या. आमच्यातला सर्वांत लहान, अभियांत्रिकी शिकणारा पोरगा, त्या वाचून म्हणाला, ‘मॅडम, या तिघी एकाच घरच्या वाटतात.’ मला झोंबलं. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग ध्वनिफिती पुन्हा ऐकल्या. एक बाई ‘करून राहिली’ म्हणत होती, दुसरी भंडाऱ्याकडचं वेगळंच काहीतरी, आणि तिसरी माझ्यासमोर मुद्दाम ‘शुद्ध’ बोलायचा प्रयत्न करत होती आणि रडताना तिचं ते शुद्ध सुटत होतं. नेमकं ते सुटणं मी कागदावरून पुसलं होतं. तिन्ही पुन्हा उतरवल्या.

चुका अजून होतातच. वहाणेची गोष्ट सांगणाऱ्या आजी लग्नाआधी दोन वर्षं मायबरोबर एम्प्रेस मिलमध्ये जात. १८७७ पासून चाललेली ती टाटांची गिरणी. आता त्या जागेवर मॉल आहे. ‘आमी रिलीन खात्यात,’ असं त्या सांगत आणि मी महिनाभर ‘रेल्वे खात्यात’ ऐकत होते. गिरणीत रेल्वे कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. शेवटी दुसऱ्या एका बाईनं हात हवेत गोल फिरवून दाखवला: चाकावर सूत गुंडाळून लड्या करायच्या. रिलिंग. हाताची ती खूण ध्वनिफितीत नाही. तेव्हापासून आम्ही कंसात लिहितो, ‘(हात फिरवून)’.

जपणुकीचं थोडक्यात. मूळ फाइल न दाबलेल्या स्वरूपात, तिला कधी हात लावायचा नाही. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्याच घरात. दर सहा महिन्यांनी उघडून बघायची. हे शहाणपण फुकट आलेलं नाही: माझ्या स्वतःच्या वडलांचा आवाज असलेली एक कॅसेट मी पत्र्याच्या ट्रंकेत गच्चीवरच्या खोलीत ठेवली होती. नागपूरचे दोन उन्हाळे पुरले.

खरी जड गोष्ट वेगळीच आहे. संमतिपत्रावर तीन चौकटी असतात: खुलं, नाव न देता, हयातीनंतर. या आजींनी पहिल्या चौकटीवर खूण करून मोठ्या अक्षरांत सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, सहीचा अभिमान आहे. नंतर तिसऱ्या भेटीत गिरणीचं काम का सुटलं ते सांगता सांगता त्या थांबल्या आणि रेकॉर्डरकडे बोट करून म्हणाल्या, ‘हे झाकून ठेव.’ त्याआधीची चार मिनिटं आम्ही वेगळी काढली. त्यांवर आता तिसरी चौकट आहे. उतरवलेल्या मजकुरात तिथं फक्त वेळ लिहिलेली आहे आणि ‘सांगणाऱ्याच्या इच्छेनुसार बंद’ एवढी ओळ. त्या चार मिनिटांत काय आहे हे मी या लेखातही लिहिणार नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. नातवानं लावून दिला होता, पण त्याला बाजूला जायला सांगितलेलं ऐकू आलं.

‘बाई, ते चार मिनिटाचं हाय ना तुमच्यापाशी?’

‘आहे, आजी. बंद आहे.’

‘माह्या नातीले ऐकवा. मी मेल्यावर नका ऐकवू. मी समोर बसीन तवा.’

नात पुण्याला नोकरीला असते. दिवाळीला येणार आहे. तोवर कूलरही बंद झालेले असतील.