फोटो नसलेली माशी

कुंडीतल्या गुलाबाच्या पानाची कड कधीकधी नाणं कापून काढावं तशी गोल कापलेली दिसते. अळी लागली असं वाटून आपण फवारणीची बाटली उचलतो. पण अळी इतकं नेटकं काम करत नाही. हा तुकडा एका एकांड्या मधमाशीनं नेलेला असतो. एखाद्या भोकात ती अशा तुकड्यांच्या पुरचुंड्या करते, प्रत्येक पुरचुंडीत पराग भरते आणि त्यावर एक अंडं घालते. तिचं पोळं नसतं, तिच्याकडे राणी नसते आणि आपल्याला देण्याजोगा मधही नसतो. सातेरी, फुलोरी, आग्या या माश्यांना आपण नावं दिली, कारण त्यांचा मध आपण खातो. हिला आपल्या घरात नाव नाही.

अशा बिननावाच्या माश्यांसाठी क्ले बोल्ट या अमेरिकी छायाचित्रकारानं आपली कारकीर्द दिली. अमेरिकेत मधमाशी म्हटलं की लोकांपुढे पेटीतली मधमाशी येते, आणि ती तर सतराव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर तिथं आलेली. मूळच्या तिथल्या माश्यांच्या सुमारे 4,000 जाती आहेत. बहुतेक एकांड्या, बऱ्याचशा जमिनीत बिळं करून राहणाऱ्या.

2009 मध्ये बोल्टनं स्कॉटिश छायाचित्रकार नाइल बेन्वी यांच्यासोबत ‘मीट युअर नेबर्स’ हा प्रकल्प सुरू केला. पद्धत साधी होती. अर्धपारदर्शक पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकची शीट रानातच मांडायची, एक फ्लॅश तिच्या मागून, दुसरा पुढून मऊ करून. प्राण्याचा फोटो घ्यायचा आणि जिथून उचलला तिथंच सोडायचा. मागचं रान पुसलं गेलं की आकाराचा अंदाज सुटतो. बेडूक, कोळी किंवा माशी फ्रेममध्ये वाघाएवढी जागा घेते, आणि पायावरचा एकेक केस, त्यात अडकलेला परागकण दिसायला लागतो. करायला मात्र हे कठीण. किडा खऱ्या आकाराएवढा टिपताना जेमतेम एक-दोन मिलिमीटरच स्पष्ट येतात. डोळा धारदार आला तर पंखाचं टोक धूसर होतं.

ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाच्या संग्रहात बोल्टला टाचणीला लावलेली एक बंबलबी दिसली. बंबलबी म्हणजे गुबगुबीत, केसाळ मधमाशी. आपल्या देशात ती हिमालयात आढळते, त्यामुळे मराठी माणसाच्या ओळखीची नाही. या जातीच्या कामकरी माशीच्या पाठीवर गंजाच्या रंगाचा ठिपका असतो. कधीकाळी 28 राज्यांत दिसणारी ही माशी त्या उद्यानातून नाहीशी झाली होती. बोल्ट तिला शोधत निघाला आणि विस्कॉन्सिनमध्ये ती जिवंत सापडली. त्या शोधावरचा ‘अ घोस्ट इन द मेकिंग’ हा लघुपट 2016 मध्ये आला. 2017 मध्ये अमेरिकी सरकारनं तिला संकटग्रस्त जातींच्या यादीत घेतलं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची अशी ती पहिली मधमाशी. मागणीचा अर्ज संवर्धकांनी 2013 मध्येच केला होता, तेव्हा श्रेय एकट्या कॅमेऱ्याचं नाही. पण ज्या जिवाचा चेहराच कुणी पाहिलेला नाही, त्याच्यासाठी सही करायला लोकांना सांगणार तरी कसं?

आता गुलाबाच्या पानाकडे परत येऊ. ते कापणाऱ्या माशीची एक सख्खी नातलग इंडोनेशियाच्या उत्तर मालुकू बेटांवर राहते. दोघींची प्रजाती एकच, मेगाकाइली. ही जगातली सर्वांत मोठी मधमाशी: मादीची लांबी सुमारे 38 मिलिमीटर, पंख पसरले की सहा सेंटिमीटरच्या वर. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना ती तिथल्याच बाचान बेटावरच्या मुक्कामात मिळाली, 1858-59 च्या सुमारास. त्यानंतर थेट 1981 मध्ये अ‍ॅडम मेसर या कीटकशास्त्रज्ञाला ती दिसली. ती झाडावरच्या वाळवीच्या वारुळात घर करते. दांडग्या जबड्यांनी झाडाची राळ खरवडून आणते आणि त्या राळेनं भुयाराला अस्तर लावते, म्हणजे पाणी आत येत नाही आणि वाळवीही नाही. हे सगळं कळलं होतं, तरी जिवंत माशीचा एकही फोटो नव्हता.

जानेवारी 2019 मध्ये बोल्ट तीन संशोधकांसह तिथं पोचला. वारुळांमागून वारुळं धुंडाळण्यात दिवस गेले. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी स्थानिक वाटाड्याच्या नजरेला एक वारूळ पडलं, जमिनीपासून आठेक फुटांवर. त्यात एक गोल भोक, कडेला राळेची चकाकी, आणि आत काळीभोर मादी. तिला गवताच्या काडीनं अलगद डिवचून बाहेर आणलं.

हा फोटो जगाला दाखवणं धोक्याचंही होतं. आदल्याच वर्षी या जातीची एक मेलेली माशी ऑनलाइन लिलावात 9,100 डॉलरना विकली गेली होती. संग्राहकांना तिचा पत्ता आधीच लागला होता, अंधारात होते ते बाकीचे लोक. म्हणून फोटो प्रसिद्ध करण्याचा बोल्ट आणि त्याच्या सोबत्यांचा निर्णय मला बरोबर वाटतो. लपवून ठेवलेल्या माशीच्या बाजूनं बोलणार कोण? फोटो घेऊन झाल्यावर त्यांनी तिला सोडून दिलं, आणि ती पुन्हा तिच्या वारुळातल्या भोकात शिरली.