पुस्तक परत आलं, आता नोंद कशाला?

आपल्या रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. जवळजवळ दोनशे वर्षं या गावातली माणसं पुस्तक बदलायला जातायत. आज एकच प्रश्न घेऊ. पुस्तक परत आल्यावर ते कोणी नेलं होतं, याची नोंद वाचनालयाने ठेवावी का?

पूर्वी बऱ्याच ग्रंथालयांत ब्राउन पद्धत होती. वाचकाचं तिकीट म्हणजे एक छोटं पाकीट. पुस्तकातलं कार्ड त्यात सरकवायचं आणि तारखेप्रमाणे लावून ठेवायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. नाव आणि पुस्तक यांची जोडी तिथेच मोडायची. मागे उरायची ती शेवटच्या पानावरची तारीख. काही ठिकाणी सभासदाच्या नावाने वही असायची हे खरं, पण ती चाळणार कोण?

संगणकाला ती क्षणात चाळता येते, आणि तो आपणहून काही विसरत नाही. त्याला तसं सांगावं लागतं. कोहा ही मोफत ग्रंथालय प्रणाली घ्या. पुस्तक परत आल्यावर त्या नोंदीतून वाचकाचं नाव काढून टाकण्याची सोय तिच्यात आहे. पुस्तक किती वेळा गेलं हा आकडा मात्र राहतो, आणि खरेदी ठरवायला तो पुरतो.

कुणी म्हणेल, लपवण्यासारखं आहे काय? अहो, वाचणं म्हणजे पटणं नव्हे. न पटणारं पुस्तकही आपण समजून घ्यायला नेतो. कर्करोगावरचं पुस्तक नेणाऱ्या बाईंनी कदाचित घरीही अजून सांगितलेलं नसतं. आणि गाव लहान असलं की देवघेवीच्या टेबलापलीकडे ओळखीचंच माणूस बसलेलं असतं.

भीमा कोरेगाव प्रकरणात घरात सापडलेलं साहित्य पुरावा म्हणून मांडलं गेलं. जुलै २०२३ मध्ये दोघांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की असं साहित्य नुसतं जवळ असणं हा यूएपीएखाली दहशतवादाचा गुन्हा ठरत नाही. पण तोवर त्यांची जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात गेली होती. घरातलं कपाट निदान आपल्या ताब्यात असतं. वाचनालयातली यादी म्हणजे आपलं जन्मभराचं कपाट, आणि त्याची किल्ली दुसऱ्याकडे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितलंच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्याचं तत्त्वही साधं आहे : काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याची आडकाठी नसेल, तर माहिती पुसा.

आता माझीच अडचण सांगतो. या वयात, हे पुस्तक आपण वाचलंय हे मला पन्नासाव्या पानावर कळतं! मला यादी हवी आहे. तर मग ती मी मागावी, आणि माझ्यापुरती ठेवावी. न मागणाऱ्याची नोंद मात्र पुस्तक परत येताच पुसली जावी. दंड बाकी असेल तर तो भरेपर्यंत ठेवा, त्यापुढे नको.

पुढच्या खेपेला पुस्तक बदलायला जाल तेव्हा ग्रंथपालांना एवढंच विचारा : "परत केलेल्या पुस्तकापुढे माझं नाव किती दिवस राहतं?" कदाचित त्यांनाही हे आजवर कोणी विचारलेलं नसेल.